अनुस्वार

गांधीबागेतल्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होते,
'चिरंजीव'वरचा अनुस्वार दिसेना.
लाल पेनानं दिला.
मग 'चि. सौ. कां.'मधला गेला,
मग नवरीचं अर्धं आडनाव.
तेव्हा कळलं, छपाई ठीक आहे.

उजव्या कडेनं करवतीचे दाते लखलखत सरकू लागले.
बोकडेंना म्हटलं, ऑटो बोलवा,
वीसच मिनिटं आहेत माझ्याकडे.

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टर उरकुडेंनी
गोळ्यांच्या पाकिटावर चित्र काढलं होतं:
डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं दिसणं घडतं,
तिथून एक लाट निघते.
मिनिटाला तीन मिलिमीटर. मुगाचा एक दाणा.
पेशी आधी पेटतात, मग गप्प होतात,
इतवारीत दुपारी एकेका गल्लीची लाइन जावी तशा.
मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणाले,
दुखतं त्याच्या आवरणाला.
तिथं चेहऱ्याचा मज्जातंतू जागा होतो, काहीबाही रसायनं सांडतो,
शिरा फुगतात,
आणि नाडीचा साधा ठोकासुद्धा लागतो.
"नक्की असंच?"
"बरंचसं," ते म्हणाले,
आणि पाकीट उलटं करून डोस लिहिला.

खोलीत अंधार. कूलर बंद,
आज वाळ्याचाही वास सोसत नाही.
पंचेचाळीस डिग्रीत पडल्या पडल्या
कालचा दिवस उलटा वाचते:
काल दुपारभर जांभया.
काल उभ्या उभ्या गुळाचा खडा, मग दुसरा.
काल खिडकीतलं ऊन बघवेना, पडदा ओढला.
उरकुडे म्हणतात, तेव्हाच सुरू झालेलं असतं, बाई.
मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा आहे,
झोप, भूक, तहान तिच्याकडे.
बिनसलं ते तिथं, आधीच.
गूळ दरवेळी कारण नसतो.
कधी कधी नुसता निरोप असतो.

आई, मग तुझं काय?
अर्धशिशीवर उतारा म्हणून
पहाटे, सूर्य निघायच्या आत, जिलबी-दूध द्यायचे तुला,
आणि दुपारी कपाळ आवळून निजलीस की
दारातून आत्याचा आवाज:
"काहून गेली वं उन्हात?
काहून खाल्ली चोरून जिलबी?"
तू कबूल करायचीस.
दरवेळी.
तुझ्याकडून मला नाक आलं, ही लाट आली,
ती कबुली नाही घेतली मी.

दिवेलागणीला बोकडेंचा फोन.
पत्रिका छापू का तशीच?
थांबा, म्हटलं,
नवरीचं आडनाव अजून अर्धंच वाचलंय.