वीतभर

बोस्टन. अमेरिकेतलं नव्हे,
लिंकनशरमधलं, चिखलाचं, कोबीचं.
इतकं सपाट की चर्चच्या मनोऱ्याला
इथले लोक सरळ खुंट म्हणतात,
आणि तो दहा कोसांवरूनही
मोजणीसाठी ठोकल्यासारखा दिसतो.

मला खुंट कळतात.
वडील भूमापन खात्यात होते, कऱ्हाडला.
संध्याकाळी पायांवरची माती धुताना म्हणत,
माणूस जमीन चोरत नाही रे, बांध कोरतो.
दर नांगरटीला चार बोटं.
चोरी झाली हे कळेपर्यंत नातू जन्मतो.

नगरपालिकेच्या भाजीच्या तुकड्यांत
माझा चौदावा, नोदारचा पंधरावा.
मधे सुतळी.
दिवसभर तो कारखान्यात फ्लॉवरची पानं छाटतो,
उजेड उरला तर इथे कोथिंबीर लावतो,
आणि खातो आपल्यासारखीच, मुठीनं.

"युद्ध पाच दिवसांत संपलं," तो सांगतो.
"कुंपण अजून चालतंय.
पहिल्या वर्षी नांगरलेली नुसती एक रेघ.
आम्हाला वाटलं वणव्यासाठी असेल.
मग खांब. मग तार. मग हिरवा फलक:
राज्याची सीमा, पुढे येऊ नये.
एके सकाळी उठलो तर
विहीर पलीकडे, बादली अलीकडे."

मेदिकोमावशी विहिरीकडे राहिली.
तारेतून तो तिला रक्तदाबाच्या गोळ्या द्यायचा.
एकदा हात कोपरापर्यंत पलीकडे गेला
म्हणून चार दिवस कोठडी, वर दंड.
पावतीवर गुन्हा लिहिलेला: सीमा ओलांडली.
ती पावती पाकिटात आहे, घड्यांवर फाटलेली.

"त्याच्या जमिनीवर अकरा घड्याळं चालतात,"
नोदार म्हणतो, शेजाऱ्याचं नाव न घेता,
"पूर्वेला रात्र झाली तरी पश्चिमेला दुपार असते.
आणि त्याला माझी विहीर हवी."
लिथुआनियन दुकानातली दाइवा हे ऐकते
आणि गल्ल्यातली नाणी पुन्हा मोजायला घेते.
तिचाही शेजारी तोच.

एप्रिलमध्ये मी घेवड्याला काठ्या रोवल्या.
एका जागी प्लमचं मूळ आडवं आलं,
काठी पलीकडे सरकली, सुतळी तिच्यामागून.
वीतभर. फार तर वीतभर.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून
सहा वाजता आलो
तर नोदार कोट घालून उकिडवा बसलेला.
सुतळी ओढत नव्हता.
नुसतं बोट टेकवून होता,
नाडी पाहावी तसं.

मी म्हणालो, मूळ आडवं आलं होतं रे.
"हो," तो म्हणाला. "त्यांनाही काहीतरी आलं होतं."

माझं डोकं फिरलं. मी काय टँक आणला?
समितीच्या मॉरीनबाईंना बोलावलं,
म्हटलं, मोजाच.
त्या टेप आणि एकोणीसशे बावन्नचा नकाशा घेऊन आल्या.
चष्मा कपाळावर चढवून दोनदा मोजलं.
मग मला म्हणाल्या, अहो, तुमची हद्द आणखी दोन फूट पुढे आहे.
सुतळी पहिल्यापासूनच चुकलेली.

दोन फूट पुढे म्हणजे कोथिंबीर.
नकाशा माझ्या हातात होता,
शिक्क्यासकट, माझ्या बाजूनं.
नोदारनं तो पाहायलाही मागितला नाही.
जुने नकाशे त्यानं पाहिले होते.

वडिलांना अशा वेळी काय वाटायचं, कधी विचारलं नाही.

मी काठ्या उपटल्या. मुळाच्या अलीकडे,
दगडाळ जागी, पुन्हा रोवल्या.
मॉरीनबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं,
नियमात बसत नाही म्हणाल्या,
आणि पाऊस येईल म्हणून निघून गेल्या.

त्यानं आभार मानले नाहीत. कशाचे मानणार?
यंदा माझा घेवडा खुरटा आला.
अजूनही तो कामावर जाण्याआधी सहाला येतो,
सुतळीवर बोट ठेवतो, काठ्या मोजतो.
अकरा आहेत. रोज अकराच भरतात.
मी शेडमधे थांबतो,
त्याचं मोजून होईपर्यंत.