कळ

डॉक्टर फुराहा विचारतात, कुठे दुखतं,
आणि तेच मी मसालीतमध्ये विचारतो.
माझं काम एवढंच.
पूर्वी मी जनीनाच्या शाळेत भूगोल शिकवायचो.
फळ्यावर चाडची सरहद्द काढताना
हात जरा हलला तरी चालायचं.
आता मी त्या रेघेच्या अलीकडे राहतो, ताडपत्रीखाली.

फ्रेंचमध्ये माझ्याजवळ दुखण्याला एकच शब्द, फार तर दीड.
आमच्या बायका ठणका वेगळा सांगतात, ठसठस वेगळी,
भगभग, शिणक, आतून वाळवी लागल्यासारखं,
मुंगी चावून तिथेच बसून राहिल्यासारखं.
मी सगळ्याची एक मोळी बांधतो
आणि म्हणतो, दुखतं म्हणतात.
डॉक्टर माझ्याकडे बघत राहतात.
त्या तळ्याकाठच्या बुकावूच्या.
आवाजावरून बंदूक ओळखतात,
आणि बाजारात वांगं चाचपावं तसं बोट लावून
जखमेचं वय सांगतात.

मंगळवारी कल्तूमा आली.
आधी वास आला, मग गाढव, मग ती.
पाय सुनेच्या तोबात गुंडाळलेला.
नऊ दिवस, डॉक्टर म्हणाल्या. सून म्हणाली, दहा.
गुडघ्याच्या वर, डॉक्टर म्हणाल्या.
मी माझ्याच मांडीवर बोटाने रेघ ओढून दाखवली
आणि या वेळी हात हलू दिला नाही.

बरं, कल्तूमा म्हणाली. मग तो पुरणार कुठे?
पुरत नाहीत, मागच्या भट्टीत जातं सगळं, डॉक्टर म्हणाल्या.
मी म्हणालो, पुरतात.
इथे नको, ती म्हणाली.
इथे पुरलात तर मी इथलीच झाले.
वादीपलीकडे ने. कडुनिंबाखाली माझा खमीस आहे,
कुणी धड खोलही खणलं नव्हतं त्याच्यासाठी.
त्याच्या उशाशी ठेव. काहीतरी माझं असू दे तिथे.

काय म्हणाली? डॉक्टरांनी विचारलं.
एवढं सगळं फ्रेंचमध्ये मला येत नव्हतं असं नाही.
मी म्हणालो, हो म्हणाली.

जनरेटर दोनदा बंद पडला.
दुसऱ्या वेळी मी मोबाईलचा दिवा धरला.
करवतीचा आवाज सुताराकडे येतो तसाच.
माझा बाप सुतार होता, हे मला तेव्हा आठवायला नको होतं.
डॉक्टर स्वाहिलीत काही पुटपुटत होत्या,
आकडे असतील, नाहीतर प्रार्थना.
विचारलं नाही. माणसाचं थोडं
भाषांतराबाहेर राहू द्यावं.

रात्री बादली माझ्या हातात आली. झाकण नव्हतं.
भट्टीच्या वाटेवर डॉक्टर उभ्या,
पायात प्लास्टिकच्या सपाता, हातात फावडं.
कितीसं लांब आहे तिचं गाव?
नकाशावर दोन बोटं, मी म्हणालो. आणि तीन चौक्या.
त्या काही बोलल्या नाहीत. चालू लागल्या.

वादी कोरडी होती. मधोमध थांबलो,
जिथे दोन्हीकडचे बंदूकवाले
समोरच्याची हद्द आहे असं समजून झोपतात.
वाळू वरून गरम, हातभर खाली गार.
फावडं आळीपाळीने मारलं.
तोंडाला जे आलं ते मी म्हटलं,
अख्ख्या माणसाची दुआ अर्धी कशी म्हणतात
मला कुणी शिकवलं नव्हतं.
पंधरा दिवसांत पाणी येईल, डॉक्टर म्हणाल्या, मग?
पाणी आलं की वाळू सरकते.
कुठल्या बाजूला, ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

सकाळी कल्तूमा जागी झाली.
अंगठ्यात कळ येतेय, म्हणाली,
जो नाही त्या.
मग जरा वेळाने,
बोटांना गार लागतंय, ओल्या वाळूत उभं राहिल्यासारखं.
हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं,
गार, ओली, वाळू,
एकेक शब्द सुटा करून.

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं मला दिसलं नाही.
पुढचा माणूस आत आला, पोट दोन्ही हातांनी धरून.
कुठे दुखतं, त्या म्हणाल्या.
मी विचारलं.