शिवलेली पानं

यवलूजहून शमशादबाईंची वही आली.
जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूला
नदीचं पाणी, रोज सकाळी सात वाजता.
एका पानावर हळदीचा अंगठा.

बाजारभोगावचे बाबगोंडा फोटो धाडतात.
पाण्यात दोरीनं पांढरी ताटली सोडायची,
दिसेनाशी झाली की मोजायचं :
दोन हात, तीन बोटं.
बोट म्हणजे किती हो?
"माझं बोट," म्हणाले.
एस.टी.नं गेलो,
त्यांचं बोट फुटपट्टीवर ठेवून घेतलं.
एक पूर्णांक आठ. खाली दोघांच्या सह्या.

कोल्हापुरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर
एकाच नदीची दोन गावं
पहिल्यांदाच मांडीला मांडी लावून बसली.
वरच्या वहीत बुधवार नितळ.
खालच्या वहीत गुरुवारी सकाळी
ताटली वीतभरातच गडप.
बाईंना वाटायचं, वर पाऊस झाला असेल.
बाबगोंडांना काही वाटायचंच नाही,
त्यांच्याकडं पाणी चांगलं होतं.
उपीट गार झालं.

सगळ्यांत शेवटी आकाराम भोयांची वही, चिखलीहून,
पालथ्या नावेवर बसून लिहिलेली.
तीस वर्षं : मासा, वजन, जाळ्याचा डोळा.
मधली नऊ पानं मात्र
जाळ्याच्याच दोऱ्यानं शिवलेली.

"यात काय आहे?"
"खडस अंडी घालतो ती जागा.
तुमी मानूस चांगलं हाय.
पर तुमचा कागूद कुनाकुनाच्या हातात जानार,
तुमाला तरी ठावं हाय का?"

ठावं नव्हतं.
तक्त्यात 'ठिकाण' असा रकाना आखला, रिकामा ठेवला,
खाली लिहिलं : माहीत आहे. विचारू नये.
शमशादबाईंचा फोन आला, एवढी जागा मोकळी का?
सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, "बाबगोंडांचं बोट चालतं ना?
मग हेही चालेल."

तक्त्याची एक प्रत चिखलीला दिली होती.
आठवड्यानं आकाराम दारात.
टेबलाशी बसले, चष्मा पुसला,
ब्लेडनं एकच टाका कापला
आणि एकच ओळ वाचून दाखवली :
'आज जागा सोडून गेली. पान्याला वास.'
तारीख जुनी होती. कॅलेंडर शोधलं.
गुरुवार.

मी लिहून घेईपर्यंत
त्यांनी पान पुन्हा शिवायला घेतलं होतं.
सुई घरूनच आणली होती.