हाडांचा चुरा

प्रयोगशाळेतली दोब्रोखनाबाई आली
ती बुटांसकट वाफ्यात उतरली
आणि म्हणाली, पार्सली लावू नका यंदा.
लीक नको, पालक तर नकोच.
पानं भोळी, हाताला लागेल ते उचलतात.
वाटाणा चालेल. शेंगेला थोडी अक्कल असते.

मी विचारलं, ही माती काढूनच टाकली तर?
तिने चिमणीकडे पाहिलं.
चिमणीतून धूर येऊन वीस वर्षं झाली, तरी
शिलेशियात लोक तिच्याकडे पाहिल्याशिवाय उत्तर देत नाहीत.
कुठे टाकणार, म्हणाली,
वारा जाईल तिथवर सगळी अशीच आहे.

शिसं, जस्त, कॅडमियम.
आमच्या घरी ही नावं पगाराच्या पाकिटातून यायची.
माझा बाप एर्विन, एकतीस वर्षं भट्टीवर.
हाडाचा भट्टीवाला, असं पाद्रीसुद्धा म्हणायचा.
शिशावर उतारा म्हणून कारखाना
पाळीमागे अर्धा लिटर दूध द्यायचा.
बाप ते प्यायचा नाही.
आमच्यासाठी घरी आणायचा,
कामाच्या कोटाच्या खिशातून.

मार्चमध्ये पोती आली.
कत्तलखान्यातली हाडं, भाजून दळलेली,
जुन्या दातांच्या रंगाची.
ह्यूबर्ट कुंपणावर रेलून म्हणाला,
मेलेल्या डुकरांकडून औषध घेतेस होय?
मी दंताळं ओढत राहिले.
चुरा पापण्यांवर बसला, ओठांवर बसला,
त्याला चव नव्हती.

दोब्रोखनाबाईने सांगितलं होतं:
शिसं जाणार नाही कुठे.
हाडातला फॉस्फेट त्याला धरून बसेल,
दोघांचा मिळून बारीकसा खडा होईल,
मूळ त्याला वळसा घालून जाईल.
झाकली मूठ.
कॅडमियमला मात्र चुना, पुढच्या वर्षी.
एकालाच एक कळतं, म्हणाली,
आणि मला हसू आलं, कारण
आमच्या घरातही तसंच होतं.

दीड वर्षाने अहवाल आला. दोन रकाने.
एकूण: होतं तितकंच.
उपलब्ध: पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.
मी तो कागद फ्रिजला लावला
आणि येता-जाता पहिलाच रकाना वाचत राहिले.

त्याच हिवाळ्यात बाप बर्फावर घसरला.
खुबा मोडला. सहा आठवडे पाठीवर.
आणि रक्तात शिसं चढू लागलं,
कुठून, तर आतून.
डॉक्टरीण म्हणाली, हाडांनी जपून ठेवलं होतं,
कॅल्शियम समजून. आता हाडं झिजतायत,
ठेव परत करतायत.
बापाने हाडाची काडं केली,
हे मी आजवर बोलायचं म्हणून बोलत होते.
आता ते मायक्रोग्रॅममध्ये लिहून मिळालं,
खाली सही, शिक्का.

त्या रात्री मी शेतावर गेले.
काही करायला नाही. उभी राहिले नुसती.
पायाखाली कुणाकुणाची हाडं
शिसं धरून बसली होती
आणि घरात एकाची हाडं
ते सोडत होती.
बर्फ करकरला. मी बूट उचलून दुसरीकडे ठेवला,
उगाच.

जमीन पुन्हा आंबते. पाऊस आंबवतो,
पाइनच्या सुया आंबवतात,
आणि मग निजलेलं कूस बदलतं.
म्हणून चुना दर चार वर्षांनी, न चुकता.
अवजारांच्या खोपीच्या दारावर
बापाने सुताराच्या पेन्सिलीने
रात्रपाळ्या मांडल्या होत्या, रेघांवर रेघा.
त्यांच्या खाली मी लिहिलं: चुना, आणि वर्ष.
मग पुढचं वर्ष, मग त्याच्या पुढचं.
शेवटच्या आकड्याला मी त्र्याऐंशीची असेन.
पेन्सिल संपली नव्हती, म्हणून
त्याच्या खाली आणखी एक.

जूनमध्ये वाटाणा आला.
बाप खिडकीपाशी, मांडीवर परात,
म्हणाला, आण, सोलतो.
शेंगा मी कोटाच्या खिशात भरून आणल्या होत्या.
त्याने त्या हातात घेतल्या नाहीत.
मला जवळ ओढलं, खिसा रिकामा केला,
अस्तर बाहेर काढलं,
आणि खिडकीबाहेर धरून
झटकलं,
पुन्हा झटकलं,
बराच वेळ.