इतिवृत्ताची वही

सभा अकराची. मी साडेनऊलाच आलो.
मंगल कार्यालय, कालच्या लग्नाच्या अक्षता
झाडल्या तरी जाजमात सापडतच होत्या.
वही उघडली. तारीख. स्थळ : पालम.
विषय क्रमांक एक : नवीन तालुकाध्यक्षांची निवड.
नावापुरती जागा मोकळी सोडली
आणि पुढं लिहून टाकलं : सर्वानुमते.
एकवीस वर्षं असंच लिहितो.
नाव मागून येतं.

मतदानाला बारा दिवस झाले.
बाटली आडवी की उभी,
एवढंच होतं चिठ्ठीवर.
चाळीस मतांनी आडवी झाली.
चाळीस म्हणजे आमची गल्ली,
त्यातही भाडेकरू धरून.
द्रुपदाबाईनं जावेच्या घरचं विरजण आणणं सोडलं.
खाजाभाई काही विचारत नाही,
पण गालावर वस्तरा थांबवून
गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकतो.
आणि माझ्या घरात
बायको विचारत नाही शिक्का कुठं मारला,
मीही विचारत नाही.
ताट मात्र पूर्वीपेक्षा वेळेवर येतं.
त्याचीच धास्ती वाटते.

मन्मथअप्पा उभीकडून बोलले होते.
दुकान मेहुण्याच्या नावावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक;
अप्पा माईकवर रोजगार म्हणाले, महसूल म्हणाले,
मेहुणा म्हणाले नाहीत.
निकालाच्या रात्री उपरण्याची घडी करून टेबलावर ठेवली,
"आता कामून थांबू?" म्हणाले, गेले.
ऑफिसची चावी तेवढी खिशातच गेली.
ती मागायला कोण जाणार?
म्हणून सभा इथं, लग्नाच्या जागेत.

इच्छुक दोन.
शेषेराव, जे आधी उभी होते, शेवटच्या आठवड्यात आडवे झाले;
बॅनर दोन, फोटो तोच.
आणि ग्यानोबाराव,
ऐन प्रचारात गुडघ्याचं ऑपरेशन करायला नांदेडला गेलेले,
निकालाच्या दुसऱ्या दिवशी
बसस्टँडपासून घरापर्यंत चालत आलेले.

तिसरं नाव कुणी घेतलं नाही.
ती मागं बसली होती, गाद्यांच्या ढिगापाशी.
प्रयागबाई.
सह्यांचे कागद पदराखाली धरून
दीड वर्ष दारोदार फिरलेली.

पोरानं टेबलावर पाण्याच्या पाच बाटल्या मांडल्या, उभ्या.
कुणीतरी खाकरलं.
कुणीतरी त्या आडव्या केल्या.
एक घरंगळत निरीक्षकांच्या मांडीवर गेली.
"शोभतं का हे?" कुणीतरी म्हणालं, म्हणून पुन्हा उभ्या,
मग सगळ्याच टेबलाखाली.
सुशीलेच्या प्लेटी फिरल्या.
तिखट होती. पाणी कुणी मागितलं नाही.

"आणखी कुणाचं नाव?" निरीक्षकांनी विचारलं,
तेव्हा प्रयागबाईनं हात वर केला.
मी पाहिलं. पेन उचललं.
निरीक्षक म्हणाले, "अरे, त्या मावशींना पाणी द्या."
पोरगं बाटली घेऊन पळत गेलं.
मी पेन खाली ठेवलं.

शेषेरावांनी मोठ्या मनानं माघार घेतली
(मोठ्या मनाचं ठिकाण : बाजार समिती, सभापतिपद).
ग्यानोबाराव उठले, टाळ्या झाल्या.
दोन्ही बाजूंच्या भावना समजतात, म्हणाले.
टेबलाखालची बाटली कुणीतरी पुढं केली.
एक घोट घेतला,
आणि पुढची पंचवीस मिनिटं, हार गळ्यात पडेपर्यंत,
ती हातातच धरून बोलले.
ठेवलीच नाही.

मोकळ्या जागेत नाव भरलं.
ही शाई ओली, पुढच्या शब्दाची कधीच वाळलेली.
सहीला रांग लागली. शेवटी प्रयागबाई.
बोट फिरवत वाचलं, त्या शब्दावर थांबली.
"हे कवा लिवलं, भाऊ?"
"साडेनऊला," मी म्हणालो.
खोटं बोलायचं सुचलं नाही.
तिनं सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावासकट,
तीन ओळी खाल्ल्या.

हॉल रिकामा झाल्यावर
तिच्या खुर्चीवर ती बाटली होती, झाकणही न उघडलेली.
घरी आणली. फेकवेना.
बायकोनं फ्रिज उघडला.
दाराच्या कप्प्यात जागा होती, उभीची.
तिनं जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आतल्या खणातली वांगी बाजूला सारली
आणि बाटली तिथं आडवी ठेवली.