चारशेनं भागून

इनास जहाजावरून कायमचा उतरला एप्रिलात.
कुडतरीत त्याच्याबरोबर आलं ते एवढंच:
दोन बॅगा, परदेशी प्लगचा मिक्सर,
आणि पाकिटात चार घड्यांचा कागद,
तेलानं आरपार दिसणारा.

कागद घेऊन माझ्या दारात.
मी गणिताची बाई. सारा वाडा
भागायला माझ्याकडेच येतो:
वीजबिल, भिशी, भावाभावांतले माड.
'बाय, हें म्हाका भागून दी.'

मैदा साठ किलो. पाणी छत्तीस लिटर.
मीठ एक किलो दोनशे. यीस्ट चारशे ग्रॅम.
खाली कुणाची तरी घाईतली सही,
आणि रेघ मारून: नग चारशे.

भागलं.
दीडशे ग्रॅम मैदा, नव्वद मिली पाणी,
मीठ तीन, यीस्ट एक.
आकड्यांकडे तो बघत राहिला
पगारातून काहीतरी कापल्यासारखा.
'एका मनशाक इतलेंच?'

मग म्हणाला, तीन जणांचं मांड, तूही ये.

चोवीस वर्षं गाव सांगत होतं,
इनास बोटीवर पिझ्झा करतो.
करत नव्हता.
मळणारा वेगळा, थापणारा वेगळा,
भट्टीपाशी एक न बोलणारा तुर्की.
इनासकडे फक्त चीज.
एक मूठ, मनगट अर्धं फिरवून, पुढचा.
एक मूठ, मनगट अर्धं फिरवून, पुढचा.
गोळे यायचे ते फुगूनच यायचे.
फुगताना पीठ
त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

यीस्ट नको, सूर घाल, म्हणाली पिएदाद.
वाड्यात रेंदेर आता एकच, तोही गुडघ्यांवर चिडलेला,
पण पहाटे बाटली दारात होती.
एक ग्रॅम यीस्टला सूर किती,
हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.
तिनं ओतली, थांबली, अजून थोडी ओतली.

इनासनं मळलं. पीठ बोटांना धरून बसलं,
घड्याळाला, भुवईला.
मग ओलं फडकं झाकून
खुर्ची ओढून समोर बसला,
निकालाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर
बाप बसतात तसा.

दोन वाजता हाक: 'बाय, यो, हालता!'
गेले. फडकं घुमटासारखं वर आलेलं.
कडेला एक बुडबुडा हळूच मोठा झाला,
फुटला, आंबूस वास सोडून गेला.
इनास हसला. दात सगळे दिसले.

पिएदाद लसूण सोलत होती.
वर न बघता म्हणाली,
'लीनो आनी ऑलिंडाय अशींच वाडलीं.'

पंखा फिरत राहिला.
इनासनं फडकं
परत चारी बाजूंनी नीट केलं.

तुळशीची पानं मागितली त्यानं.
मी म्हटलं, तुळस भाजायची नसते,
आणि सब्जाची दिली, कुंडीमागं आपोआप उगवलेली.
टोमॅटो बेळगावचे. चोरीस त्या दोघांना,
माझ्यावर नको, गुरुवार होता.

कायतान पदेराची भट्टी
संध्याकाळचे पाव निघाल्यावर तासभर तापलेली असते.
'पाव असो चेपटो कित्याक?' त्यानं विचारलं,
आणि लांब दांड्याचं फळं इनासच्या हातात दिलं.
पहिला दुमडला. दुसऱ्याचा झाला
कुठल्यातरी बेटाचा नकाशा.
तिसरा, माझा, गोल म्हणता येईल.
फक्त चीजची मूठ तिन्ही वेळा
न मोजता बरोबर पडली. वजनकाटा मी नेला होता.

कडा करपली. आत मऊ, किंचित आंबट.
पिएदादनं करपलेलं आधी खाल्लं,
मग मधलं,
मग इनासच्या ताटातलं.

कागद अजून माझ्याकडे आहे.
येत्या रविवारी सहा जणांचं मांड, म्हणतो इनास.
पाच, म्हणते पिएदाद,
लीनो फोन घेत नाही.

नऊशे ग्रॅम लिहिलं.
खोडून साडेसातशे.
मग ते खोडलं,
आणि पेन्सिल तिथंच ठेवली.