लाल कांडी

हत्तरकी सर फोटो घेऊन आले तेव्हा
साखर पेठेत पंचेचाळीस अंश होते
आणि फोटोत सगळा बर्फ.

शिखरावर पेनानं काढलेल्या तीन वाटा.
निळी दक्षिणेच्या धारेवरून, लांबची, बहुतेकांची.
हिरवी घळीतून. ती पहाटेच उरकायची,
ऊन लागलं की वरून दगड सुटतात म्हणाले.
लाल सरळ भिंतीवरून,
शेंड्याच्या बोटभर खाली थांबलेली.

एवढं विणून पाहिजे, बोद्दुल.
बसवंतच्या अव्वाला द्यायचंय.

मी आजवर मोर विणले, वाघ विणले,
नवरानवरीची नावं, पतसंस्थेचे शिक्के.
उंच म्हणाल तर बंद गिरणीची चिमणी पाहिलेली.
आमच्या घरात, तेलुगूत, डोंगराला कोंडा म्हणतात.
शाळेत एकदा तसंच लिहिलं निबंधात,
गुरुजींनी विचारलं, गव्हाचा का?

रात्री ग्राफ भरायला बसलो.
एक चौकोन, एक हूक. एक ओळ, एक कार्ड.
चारशे ऐंशी हुकांत पर्वत बसवायचा
तर कुठली सुरकुती ठेवायची, कुठली टाकायची
हे फोटो सांगत नाही.
सरांना फोन लावला : तंबू कुठं होता?
ते बराच वेळ बोलत राहिले.
स्टोव्ह पेटत नव्हता, त्याबद्दल.
बसवंतनं मोजे उलटे घातले होते, त्याबद्दल.
तंबूला मी चार चौकोन दिले. पिवळे.

मागावर डोंगर पायथ्यापासूनच चढतो,
धोट्याच्या एका फेरीला केसाएवढा.
विणलेला पायथा खाली रुळावर गुंडाळत जातो,
शेंडा अजून कार्डांत,
डोळ्यांपुढं नेहमी वीतभरच.
सर म्हणाले, ढगात तिथंही तसंच.

मग ते कार्ड आलं. सतराशे चार.
मी माग बंद केला.
एवढी शांतता दुकानात कधी नसते,
शेजारचा रमेशय्या डोकावून गेला, लाइट गेली का म्हणून.

यल्लप्पानं विचारलं, लाल कांडी काढू?

आता बघा, बाण्याचा धागा मध्येच थांबत नाही.
धोटा सुटला की या काठापासून त्या काठाला जातो.
सुलट बाजूला दिसायचा नसेल
तर उलट बाजूनं जातो.
ग्राफवर पांढरं सोडलं म्हणजे एवढंच होतं.

राहू दे म्हटलं.
लाल सूत किती जास्त जाईल, याचा हिशेब केला नाही.

सरांनी सुलट बाजू पाहिली. रेघेवर बोट ठेवलं,
बरोबर जागी आहे म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

अव्वा सोलापूरचीच बाई.
चादर घेताना बघतात तशी
तिनं आधी उलटून पाहिली.
तिथं शेंड्यापर्यंत, शेंड्याच्याही वर,
काठाला लागेपर्यंत
सुटे लाल धागे.

बराच वेळ हात फिरवत होती.
मग मला विचारलं, धुतल्यावर रंग जाईल का रे?

नाही अव्वा.
पक्का आहे.